बेचाळीस घरं पुढे

कमलाक्षी पौषात गेली. तीन दिवसांचा ताप आला आणि चौथ्या दिवशी माणूस नाही. दिवसकार्य उरकलं, लेक विनिता म्हापशाला सासरी परत गेली. त्यानंतर एका सकाळी दाढी करताना गोकुळदासचा हात आरशाला लागला आणि आरशामागून एक कार्ड खाली पडलं. कुणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका. तिच्या कोऱ्या बाजूवर कमलाक्षीच्या गोल अक्षरात बारा ओळी होत्या.

चैत्र, १४७, पान ६२. वैशाख, १०९, पान १८. ज्येष्ठ, २०३, पान ९१. असं करत फाल्गुनापर्यंत.

दुसऱ्या कुणाला ते कोडं वाटलं असतं. गोकुळदासला पाहताक्षणी कळलं. तोंडाला साबण तसाच ठेवून तो खाटेवर बसला.

गोकुळदास नार्व्याच्या फेरीबोटीवर खलाशी होता. सव्वीस वर्षं तो नदीच्या या काठावर फळी टाकत होता आणि त्या काठावर उचलत होता. कमलाक्षी गावच्या बालवाडीत शिकवायची. देवळाच्या वाटेवर एका खोलीत गावाचं वाचनालय होतं. तिथली कपाटं तिने दोनदा वाचून संपवली होती आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली होती. गोकुळदास मराठी चौथी शिकलेला. ओळीवर बोट ठेवल्याशिवाय त्याला वाचता येत नसे, आणि पेपरातल्या मथळ्यांच्या खाली तो कधी उतरला नव्हता. पण त्याला गोष्टी शंभर ठाऊक होत्या, कारण जेवायला बसलं की कमलाक्षी वाचलेलं सांगायची. वाढता वाढता सांगायची, भांडी घासता घासता संपवायची.

एका पावसाळ्यात नदीला मोठं पाणी आलं होतं आणि फेरीबोट धक्क्याला बांधून ठेवायला गोकुळदास दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात होता. त्या आठवड्यात तिने त्याला एका होडीवाल्याची गोष्ट सांगितली. तो पुरात पलीकडच्या काठावरची माणसं आणायला जातो. होडी रिकामीच वाहत येते, बायको काठावर बसून राहते, आणि पहाटे तो भिजलेला दारात येऊन म्हणतो, "पेज आहे काय गो?" गोकुळदास खूप हसला होता. "पुस्तकातला माणूसही पेजच मागतो?" त्यावर ती म्हणाली होती, "मग काय जिलेबी मागणार?"

आदल्या मार्गशीर्षात ती अशीच वाढता वाढता म्हणाली, "येत्या पाडव्यापासून वर्षभर नेम करायचे. दर महिन्याला एक."

"चातुर्मास चार महिन्यांचा पुरत नाही तुला?"

"तो पोथीतला. लोक पोथी वाचून वांगी सोडतात, कांदा सोडतात. मी जुन्या कादंबऱ्यांतून नेम काढलेत. बारा पुस्तकं, बारा नेम. आणि आपण दोघांनी करायचे."

"कुठले नेम?"

"ते सांगणार नाही. लिहूनही ठेवणार नाही. पुस्तकाचा नंबर आणि पान तेवढं लिहिणार. नेम लिहिला तर तुम्ही पुस्तक कशाला उघडाल? करणार ना?"

गोकुळदास माशाचे काटे काढत होता. म्हणाला, "बघूया."

"तुमचं बघूया म्हणजे फेरीबोटीचा भोंगा. वाजतो मोठा, बोट हलत नाही."

ते तसंच राहिलं. हो म्हणायला पाडव्यापर्यंत वेळ आहे असं त्याला वाटलं होतं.

व्रत अर्धं सोडून माणूस गेलं तर घरातल्या दुसऱ्याने ते पुरं करायचं असतं. आईची एकादशी आई गेल्यावर बापाने पुरी केलेली गोकुळदासने पाहिली होती. हे तर सुरूच झालेलं नव्हतं. पण संकल्प झाला होता, आणि त्याच्या बाजूचा होकार बाकी होता. त्याने साबण पुसला, कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि ठरवलं की वर्ष पुरं करायचं. एकही महिना चुकवायचा नाही. कुणाला सांगायचंही नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो वाचनालयात गेला. बाबाजी तिथला ग्रंथपाल, सत्तरीला आलेला, पगार नसलेला आणि म्हणून कुणालाही न घाबरणारा.

"एकशे सत्तेचाळीस नंबर दे."

बाबाजीने चष्म्यावरून पाहिलं. कमलाक्षीच्या नवऱ्याने पुस्तक मागावं हे त्याला नवीन होतं. पण गेलेल्या माणसाच्या घरच्याला फार विचारू नये म्हणून त्याने पुस्तक काढून दिलं.

ती जुन्या काळच्या लढायांची कादंबरी होती. बासष्टाव्या पानावर एक शिलेदार उजाडण्याआधी उठतो, घोड्याला खरारा करतो, त्याला दाणा घालतो आणि मगच स्वतः तोंडात काही टाकतो. गोकुळदासने ते पान बोट ठेवून तीनदा वाचलं. यातला नेम कुठला? कमलाक्षीने ही गोष्ट त्याला कधी सांगितलेली नव्हती. घोडा तर नार्व्यात नव्हताच. शेवटी त्याने ठरवलं, आपल्या अंगाखाली जे असतं त्याची आधी काळजी घ्यायची, असंच तिला म्हणायचं असणार. चैत्रभर तो पहाटे उठून सायकल पुसायचा, साखळीला तेल घालायचा आणि मगच पाव-चहा घ्यायचा.

बोट चालवणारा सगुण वरच्या केबिनमधून सगळं बघायचा. वीस वर्षांची जोडी होती त्यांची.

"काय रे गोकुळा, सायकल चकचकीत! तिचा लगीन ठरलां काय?"

"नेम आहे."

"सायकलीचो नेम? माका वाटलां, देवाचो असता."

वैशाखात पुस्तक आलं एका गरीब वकिलाचं. अठराव्या पानावर तो कोर्टात पायी जातो, आणि रस्त्यात भेटेल त्याला थांबून नमस्कार करतो. म्हणून गोकुळदास पायी कामावर येऊ लागला.

सगुणने कपाळाला हात लावला. "चैत्रात सायकलीक तेल घाल घाल घातलंस, आणि वैशाखात सायकल घरी? कमलाक्षीवयनीन जाता जाता तुझी मस्करी केल्या मरे!"

नेम कुणाचे ते गोकुळदासने सांगितलं नव्हतं, तरी सगुणला कळलं होतं. गोकुळदासलाही मनात तेच वाटत होतं. पण त्याने एकही दिवस चुकवला नाही. वाटेत भेटेल त्याला थांबून नमस्कार केला. त्यात पद्मावती म्हणून शेजारची म्हातारी होती. तिला तो सव्वीस वर्षं सायकलवरून नुसती घंटी वाजवत आला होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुला बोलता येतं होय?" आणि त्याच्या हातात दोन आंबे ठेवले.

त्या वर्षी ज्येष्ठ दोन आले, आधी अधिक आणि मग निज. कार्डावर ज्येष्ठ एकदाच लिहिलेला होता. पंचांग न बघता यादी केली असणार. गोकुळदासला प्रश्न पडला. मग त्याने ठरवलं की नाव एक तर नेम एक, दोन्ही महिने तोच करायचा.

दोनशे तीन नंबरच्या पुस्तकात, एक्क्याण्णवाव्या पानावर, दोन भावांचं वैर होतं. धाकट्याचं पत्र येतं आणि थोरला ते न फोडता चुलीत टाकतो.

यातला धाकटा म्हणजे आपण, आणि नेम म्हणजे थोरल्याला पत्र लिहिणं, हे गोकुळदासला लगेच कळलं.

त्याचा थोरला भाऊ रघुनाथ पेडण्याकडे मोप्याला राहायचा. मराठी शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेला. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, ही भाषेची चळवळ पेटली होती तेव्हा फेरीबोटीवरची पोरं कोंकणीच्या बाजूने सह्या गोळा करत होती आणि गोकुळदासने सही केली होती. घरात बोलतो ती भाषा, तिला नाही कसं म्हणायचं, एवढाच त्याचा हिशेब. कमलाक्षी मात्र मराठीसाठी डिचोलीला एक दिवस उपोषणाला बसून आली. त्या संध्याकाळी गोकुळदासनेच तिला पेज करून वाढली. घरात दोन पक्ष झाले तरी चूल एकच राहिली. पण रघुनाथला ते जमलं नाही. चतुर्थीला घरचे सगळे जमले असताना तो म्हणाला, "ज्या भाषेत तू अक्षर शिकलास तिच्याविरुद्ध सही करून आलास, आता या गणपतीपुढे मराठीत आरती कुठल्या तोंडाने म्हणशील?" गोकुळदास उठून निघून आला. पुढे भाषेचा कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं, दोन्हीकडचे पुढारी एका मांडवात जेवले. दोघे भाऊ मात्र बोलले नाहीत. कमलाक्षीच्या अंत्यविधीला रघुनाथ आला, आंब्याखाली उभा राहिला आणि तसाच परत गेला.

अधिक ज्येष्ठात गोकुळदासने दर रविवारी एक अशी चार पत्रं लिहिली. लिहिण्यासारखं फार नव्हतं. बोट ठीक आहे, नदी ठीक आहे, विनिता येऊन गेली. कमलाक्षीशिवाय घर कसं आहे ते लिहायला घेतलं आणि खोडलं. उत्तर एकाचंही आलं नाही. बारा महिन्यांचंच वर्ष असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण पुढे निज ज्येष्ठ उभा होता आणि नेम तोच होता. पत्रं झाली होती, म्हणजे आता स्वतः जायला हवं.

म्हापशाला बस बदलून, पेडण्याला पुन्हा बदलून, मोप्याच्या खडकाळ सड्यावरून काजूंच्या मधून छत्री धरून तो चालत गेला. रघुनाथ सोप्यावर बसला होता.

"पत्रं मिळाली," रघुनाथ म्हणाला. "चारही."

"हां."

"एकूण एकवीस चुका आहेत. चौथीत तू बरा लिहायचास."

त्याने आतून पत्रं आणली. प्रत्येक पत्रावर तांबड्या शाईने दुरुस्त्या केलेल्या होत्या.

गोकुळदासने ती उलटसुलट पाहिली. "म्हणजे वाचलीस."

"वाचल्याशिवाय चुका दिसतात?"

आतून सुलोचनावयनी बाहेर आली. "भावोजी, दर जेवणानंतर काढून बसतात हे. मी म्हटलं, उत्तर द्या. तर म्हणे, मराठीत लिहिलं तर त्याला टोमणा वाटेल, कोंकणीत लिहायला माझा हात वळत नाही."

"तू आत जा," रघुनाथ म्हणाला.

"जाते. तुम्ही भांडण मराठीत करा नाहीतर कोंकणीत, पण आधी जेवून घ्या. माणूस भिजून आलाय."

जेवताना रघुनाथने विचारलं, "हे पत्र लिहायचं तुला सुचलं कसं?"

"कमलाक्षीने सांगून ठेवलं होतं," गोकुळदास म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं.

रघुनाथचा घास हातातच राहिला. "ती शहाणी होती," तो म्हणाला. "त्या दिवशी आंब्याखाली मी एवढंच म्हणणार होतो." मग भात कालवत म्हणाला, "चतुर्थीला ये."

परतीच्या बसमध्ये गोकुळदासला पहिल्यांदा वाटलं की आपण तिला हो म्हणालो.

आषाढात एका पुस्तकातली बाई देवळाचं अंगण झाडत होती, म्हणून त्याने फेरीचा धक्का झाडला. सगुण म्हणाला, "वर्ष सरेसर सरकार तुका बढती देता बघ." आणि श्रावण आला.

श्रावण, ३१, पान १५. बाबाजीने पहिल्या कपाटातून पुस्तक काढून दिलं. ते कोंकणी होतं, कवितांचं. गोकुळदासला गंमत वाटली. मराठीसाठी उपाशी बसणारी ही, आणि कोंकणी कविता वाचून त्यातून नेम काढते! मला सांगितलं असतंस तर मी चिडवलं असतं म्हणून गप्प राहिलीस होय? दुपारी बोट रिकामी होती तेव्हा बाकावर बसून तो मनातल्या मनात तिला चिडवत राहिला. पुस्तक कोरं करकरीत होतं, पानं एकमेकांना चिकटलेली. ती बोटाने सोडवत त्याने पहिलं पान उघडलं. तिथे वाचनालयाचा गोल शिक्का होता आणि शिक्क्यात पुस्तक दाखल झाल्याची तारीख. फेब्रुवारी १९८८.

कमलाक्षी जानेवारीत गेली होती.

त्याने तारीख पुन्हा वाचली. बोट ठेवून वाचली. सगुणने वरून भोंगा दिला तरी तो उठला नाही. फळीवर स्कूटरवाला ओरडायला लागला तेव्हा उठला.

काम सुटल्यावर तो थेट वाचनालयात गेला आणि आजवर कुणाला न दाखवलेलं कार्ड त्याने बाबाजीच्या मेजावर ठेवलं. बाबाजीने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हे तिने कधी लिहिलं?"

"मार्गशीर्षात."

"अरे देवा," बाबाजी म्हणाला. "हे जुने नंबर."

मग त्याने सांगितलं. भाषेचा कायदा झाल्यावर वाचनालयाला कोंकणी पुस्तकांची एक पेटी भेट आली, बेचाळीस पुस्तकं. ती कुठे ठेवायची यावर समितीच्या चार बैठका झाल्या. एक म्हणाला शेवटच्या कपाटात, दुसरा म्हणाला हा अपमान आहे. दोघांनी राजीनामे दिले आणि चहा झाल्यावर परत घेतले. अखेर ठरलं की कोंकणी पुस्तकं पहिल्या कपाटात, एक नंबरपासून, आणि त्यांच्यामागे मराठी, आधीच्याच क्रमाने. बाबाजीने महिनाभर बसून सगळ्या पुस्तकांवर नवे नंबर चिकटवले होते.

"सगळी मराठी पुस्तकं बेचाळीस घरं पुढे सरकली. तू नंबर सांगत गेलास, मी काढून देत गेलो. मला वाटलं तुझी आवड. हे कार्ड पहिल्याच दिवशी का नाही दाखवलंस?"

गोकुळदासने कार्ड परत हातात घेतलं. सायकल, नमस्कार, चार पत्रं, मोपा, धक्क्यावरचा झाडू, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. चार महिन्यांचे नेम, अधिक धरून पाच महिने, आणि त्यातला एकही तिचा नव्हता.

"खरी काढून दे," तो म्हणाला. "चैत्रापासून श्रावणापर्यंत. इथेच वाचतो."

बाबाजीने बेरीज करून पाच पुस्तकं काढली. एकशे एकोणनव्वद, एकशे एक्कावन्न, अशी. जुनी, कडा झिजलेली. गोकुळदासने पहिलं उघडलं. बासष्टाव्या पानावर, समासात, पेन्सिलची एक बारीक रेघ होती.

"ही रेघ कमलाक्षीची," बाबाजी म्हणाला. "मी ओरडलो होतो तिला. म्हणाली, खोडून टाकीन, वर्षभर राहू द्या."

रेघेच्या बाजूला एक म्हातारा होता. शेतातून आल्यावर तो रोज बायकोला दिवसभरात पाहिलेली एक गोष्ट सांगायचा. कधी साप, कधी पाहुणा, कधी नुसता ढग. गोकुळदासने ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. ही गोष्ट कमलाक्षीने त्याला सांगितली होती. फार वर्षांपूर्वी. तेव्हा तो म्हणाला होता, बोटीवर काय दिसणार, पाणी.

वैशाखाच्या पानावर नवरा आधी बायकोला वाढतो आणि मग स्वतः बसतो. ज्येष्ठाच्या पानावर दोघांची अट असते, रुसवा दिवस मावळायच्या आत सोडायचा. आषाढात एक बाई नवऱ्याकडून वल्हं मारायला शिकते. प्रत्येक ठिकाणी तीच पेन्सिलची रेघ. सगळ्या गोष्टी त्याला ठाऊक असलेल्या. आणि एकही नेम एकट्याने होण्यासारखा नव्हता.

"आपण दोघांनी करायचे," ती म्हणाली होती. त्याने तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.

बाबाजी कपाटाकडे तोंड करून उगाच पुस्तकं सरळ करत होता. काही वेळाने, न वळता, तो म्हणाला, "गोकुळदास, खरी यादी तुझ्या हातात पाडव्यालाच आली असती तर तू काय केलं असतंस?"

"काय करणार? चैत्रातच कार्ड आरशामागे परत गेलं असतं."

"मग?"

गोकुळदासने कार्ड खिशात घातलं. मोप्याला भाऊ पत्रं घेऊन बसला होता. पद्मावती रोज दारात उभी राहून हाक मारत होती. हे कमलाक्षीने सांगितलेलं नव्हतं आणि तरी ते तिच्या कार्डामुळेच झालं होतं. याला काय म्हणायचं ते त्याला कळेना, आणि त्याने फार खोदलंही नाही. पाचवं पुस्तक उरलं होतं, त्र्याहत्तर नंबरचं. पान पंधरा.

पीठ मळणारी बाई. हात भरलेले. आणि नवरा तिच्यापुढे पाटावर बसून, अडखळत, तिला वाचून दाखवतो आहे. रेघ इथे दोनदा ओढलेली होती.

पुस्तक कुठलं म्हणून त्याने मागे-पुढे चाळलं. होडीवाल्याचंच पुस्तक होतं ते. वाचून दाखवणारा तो होडीवालाच होता.

"पुढच्या महिन्यांचं काय?" बाबाजीने विचारलं.

"दोन्ही नंबरची काढून ठेव. एकट्याला झेपेल ते करीन." मग त्याने त्र्याहत्तर नंबर काखेत मारलं. "हे झेपण्यासारखं आहे. फक्त ऐकणारं कोणीतरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन ते तीनच्या दरम्यान, बोट या काठाला लागलेली आणि रस्त्यावर कुत्रं नाही, तेव्हा त्याने सगुणला खाली बोलावलं.

"बस. वाचून दाखवतो."

"माका? कित्याक? मी आजारी पडलंय?"

"नेम आहे."

"ह्यो नेम तुझो काय माझो?"

"बस म्हणतो ना."

सगुण बसला आणि पहिल्या दिवशी घोरला. दुसऱ्या दिवशी अर्धवट जागा होता आणि गोकुळदासच्या अडखळण्याला हसत होता. "अरे, बोट गाळात रुतली तरी ह्याच्यापेक्षा बेगीन सुटता." चौथ्या दिवशी तो स्वतःहून खाली आला आणि म्हणाला, "त्या सावकाराच्या पोरीचा पुढे काय झाला?" दहाव्या दिवशी दोन कोळणी आणि एक पाववाला ऐकायला थांबले आणि बोट सहा मिनिटं उशिरा सुटली. गोकुळदासचं बोट अजून ओळीवर होतं, पण आता ते थोडं भरभर चालत होतं. वाचता वाचता मधेच त्याला कमलाक्षीचा सूर ऐकू यायचा. इथे ती थांबायची. इथे तिने पळी आपटली होती. अशा वेळी तोही थांबायचा, आणि सगुण म्हणायचा, "मगे? पुढे?"

श्रावण संपायला तीन दिवस उरले आणि पुस्तकाची चार पानं उरली. समोर नदी पावसाने तांबडी झालेली होती. पुस्तकातही पूर आला होता. होडीवाला पलीकडची माणसं आणायला निघाला. बायकोने त्याला अडवलं नाही. संध्याकाळी होडी रिकामी वाहत आली आणि बायको काठावर जाऊन बसली. सगुणने विडी विझवली. आयुष्यभर तो नदीवर होता, रिकामी होडी म्हणजे काय ते त्याला सांगायला नको होतं.

"वाच," तो हळूच म्हणाला.

गोकुळदासने पान उलटलं. शेवटचं पान. पुढचं त्याला पाठ होतं, म्हणून त्याचं बोट ओळीच्या पुढे धावलं आणि मग थांबलं.

पहाटे गावातल्या लोकांना तो खालच्या वळणावर, झाडाच्या मुळांत अडकलेला सापडला. बायकोने त्याच्या अंगावरची माती पदराने पुसली. त्याखाली पुस्तक संपलं होतं. दारात येणं नव्हतं. पेज नव्हती.

गोकुळदासने ते पान दोनदा वाचलं, ओठ न हलवता. तो पावसाळा त्याला आठवला. तो कमरेएवढ्या पाण्यात दिवस काढून घरी यायचा, ती ताट वाढायची आणि गोष्ट पुढे न्यायची. हे पान वाचून झालेलं होतं तिचं तेव्हा. वाचून, मिटून, मग ती भात वाढायला उठली असणार.

"अरे मगे?" सगुण म्हणाला. "मेलो काय तो? मेलो असत तर आताच सांग. मी आयकूचंय नाय."

गोकुळदासने बोट ओळीवर ठेवलं.

"पहाटे," त्याने वाचायला सुरुवात केली. बोट हळूहळू पुढे सरकत होतं. "पहाटे बायकोचा डोळा लागला होता. दारात कोणीतरी उभं होतं. नखशिखान्त भिजलेलं. तो म्हणाला..." इथे कमलाक्षी थांबायची. तोही थांबला. "तो म्हणाला, पेज आहे काय गो?"

सगुणने मांडीवर थाप मारली. "हां! पेज! पुस्तकातलो माणूस झालो म्हणून काय झाला, पेजच मागतलो!" तो हसत सुटला, मग बाहीने डोळे पुसले आणि संशयाने पुस्तकाकडे पाहिलं. "खरांच तशां लिवलांहा?"

"मग काय जिलेबी मागणार?" गोकुळदास म्हणाला.

काठावर एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला. सगुण शिडी चढून वर गेला. गोकुळदासने पुस्तक मिटलं, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, आणि फळी टाकायला गेला.